खाऱ्या पाण्यातली सोयरीक

माझं काम पाण्यातलं मीठ मोजण्याचं. जळगावात माती-पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी वीस वर्षं नोकरी करते आहे. शेतकरी बाटलीत विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी घेऊन येतात आणि त्यातले क्षार मोजून आम्ही सांगतो, हे पाणी केळीला चालेल की नाही. आकडा चढा आला की समोरच्या माणसाचा चेहरा उतरतो. मीठ म्हणजे वाईट बातमी, हे त्यामुळे डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून सुरतेला नणंदेकडे गेले असताना एका दुकानात खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली तेव्हा मी तिच्यासमोरून हलेना. पंधरा मिनिटांनी नणंद म्हणाली, "वहिनी, साड्या बघायच्या राहिल्या."

त्या टाकीत दोन-अडीच इंचांचे रुपेरी मासे होते. अंगावर तीन काळे उभे पट्टे, पट्ट्यांच्या मध्ये टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके, आणि पर इतके लांब की माशापेक्षा परच मोठे वाटावेत. पोहत नव्हते. एका जागी लटकल्यासारखे उभे होते. दुकानदारानं नाव सांगितलं, बांगाई कार्डिनल.

मुलगी शिकायला शिरपूरला गेली होती, हॉस्टेलवर राहत होती. तिची गोड्या पाण्यातल्या माशांची चार फुटी टाकी रिकामी पडली होती. यजमान नाशिकला नोकरीला, शनिवारी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. मी टाकी धुतली, आरओचं पाणी भरलं आणि त्यात समुद्राच्या पाण्यासाठी मिळणारं मीठ कालवलं. ऑफिसात क्षार कमी आले की बरं वाटायचं, आणि घरी मी ते पुरेसे चढले की नाहीत हे बघत होते. टाकी मुरायला, म्हणजे पाणी माशांना राहण्याजोगं व्हायला, दोन महिने लागले. मग सुरतेच्या त्याच दुकानातून दोन कार्डिनल आणले. दुकानदारानं खात्रीनं सांगितलं होतं, "जोडी आहे."

जोडी नव्हती. दोन दिवस ते गप्प होते. तिसऱ्या दिवशी एकानं दुसऱ्याला कोपऱ्यात दाबायला सुरुवात केली. मला वाटलं, नवीन आहेत, होईल सवय. सहाव्या दिवशी सकाळी एक मेलेला सापडला, पर कुरतडलेले. दोन्ही नर असावेत, असं नंतर वाचून कळलं. एका टाकीत दोन मोठे नर राहत नाहीत. आणि नर कुठला, मादी कुठली, हे बाहेरून ओळखण्याची खात्रीची खूण नाही. कुणी लिहितं नराचा जबडा चौकोनी, कुणी म्हणतं पाठीवरचा पर लांब. मी उरलेल्याचे फोटो काढून पट्टी लावून मोजत बसले. पण एकच मासा असताना लांब म्हणजे कशापेक्षा लांब, हे काही कळेना.

माझं माहेर धुळ्याचं. माझा भाऊ तिथल्या एका गृहस्थांना ओळखत होता. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, बऱ्याच वर्षांपासून घरात हेच मासे पाळणारे. सगळे त्यांना नाना म्हणतात. एका रविवारी मी जिवंत राहिलेला मासा हवा भरलेल्या पिशवीत घालून, पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवून एसटीनं धुळ्याला गेले. नानांनी त्याला स्वतःच्या एका रिकाम्या टाकीत सोडलं आणि मला चहा दिला.

"ताई, दोन मासा कधी लई जावाना नहीत," ते म्हणाले. "सहा लई जा. ल्हाना ल्हाना. एकत्र वाढू द्या. तेस्नं लगीन तेस्लेच जमाडू द्या."

"पण तुम्हाला तर ओळखू येत असेल ना, कोण नर ते?"

"इतला साल पाळी ऱ्हायनू, माले अजून समजत नही. तेस्ले समजस, बस शे."

हे उत्तर घेऊन मी त्यांनी घरीच वाढवलेली सहा पिल्लं जळगावला आणली. माशांना जे समजतं ते कशानं समजत असेल? रंगानं, वासानं, उभं राहण्याच्या तऱ्हेनं? वाटेत पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा डब्याचं झाकण किलकिलं करून पाहिलं. सहाही एकसारखेच दिसत होते.

त्यानंतर महिन्याभरानं सासरे घरी आले. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. आसोद्याला राहतात, केळीची शेती, सासूबाई जाऊन चार वर्षं झालेली. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी तीन-चार महिने शहरातच राहा असं सांगितलं, म्हणून ते नाइलाजानं आले. अठरा वर्षांत आम्ही दोघं एका घरात असे कधी राहिलोच नव्हतो. ते मला काही वाईट बोलले नव्हते. फारसं काहीच बोलले नव्हते. चहा हवा असला तरी हवेत बोलायचे, "चहा झाला का."

हॉलमध्ये खुर्ची ठेवायला एकच जागा होती, टाकीच्या समोर. पहिल्या दिवशी त्यांनी टाकीकडे पाहिलं आणि विचारलं, "हे मासे खायाचे हाये का?"

"नाही आबा. नुसते बघायचे."

"पानी खारं हाये म्हने."

"हो. मीठ घालते मी."

त्यांनी काठी खुर्चीला टेकवली. "लोकायच्या इहिरी खाऱ्या झाल्या त लोक रडता. आन् तू इकतचं मीठ पान्यात टाकती."

मी ऑफिसला गेले.

आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी घरी आले तर ते म्हणाले, "याहीतल्या दोघायचं जमेल हाये."

मला हसू आलं, पण मी विचारलं, "कशावरून?"

त्यांनी काठीनं दाखवलं. टाकीच्या डाव्या बाजूला दगडाच्या कपारीपाशी दोन मासे उभे होते, उरलेले चार उजव्या बाजूला, पाणी फिरवणाऱ्या मोटारीच्या मागे. आबा म्हणाले, हे दोघं सकाळपासून तिथेच आहेत. तिकडून कुणी आलं की दोघांतलं एक पुढे होतं आणि त्याला हाकलतं. दुसरं जागेवर थांबतं. हाकलून आलं की दोघं एकमेकांच्या इतक्या जवळ उभे राहतात की पट्ट्याला पट्टा लागतो.

मी म्हटलं, "पण हे तेच दोघं कशावरून? सगळे सारखेच दिसतात."

"सारखे?" आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दोन बैल सारखेच असतात म्हटलं होतं. "एकीचा खालचा पर तुटेल हाये. दुसऱ्याच्या शेपटीपाशी एक ठिपका जास्तीचा हाये. पाह्य ना."

मी काचेला नाक लावून पाहिलं. खरंच होतं. महिनाभर रोज खाऊ घालत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून त्या दोघांना आम्ही तुटकी आणि ठिपक्या म्हणायला लागलो. तुटकी ही मादी आणि ठिपक्या हा नर, हे आबांनीच ठरवलं. अंगानं ठिपक्या मोठा होता, आणि राखण करतो तो गडी, असा त्यांचा हिशेब.

उरलेल्या चौघांना फार त्रास व्हायला लागला तेव्हा मी नानांना फोन केला. ते म्हणाले, आणून द्या. मी चौघांना धुळ्याला पोचवून आले. परत आले तर टाकी मोठी झाल्यासारखी वाटत होती आणि ते दोघं मधोमध उभे होते.

त्या रात्री जेवताना धीर करून मी विचारलं, "आबा, तुम्ही आईंना लग्नाआधी पाहिलं होतं का?"

"फोटो पाह्यला व्हता. आंधुक व्हता." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "या मासायले सहातून निवडाले भेटलं. आमाले एकच दाखवेल व्हती."

"मग?"

"मंग काय? मांडवात पाह्यलं त फोटोपेक्षा बरी व्हती." आणि ते जेवायला लागले. अठरा वर्षांत सासूबाईंबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब बोलणं होतं.

एप्रिल लागला. आमच्याकडे एप्रिल म्हणजे काय ते सांगायला नको. टाकीचं पाणी अठ्ठावीस अंशांच्या वर जायला लागलं. मी पाण्यावर दोन छोटे पंखे लावले. त्यानं पाणी थंड होतं, पण उडतंही भराभर, आणि पाणी उडालं की मीठ मागे राहून खारेपणा वाढतो. रोज सकाळी आरओचं साधं पाणी घालून पातळी सारखी करायची. हे काम आबांनी आपल्याकडे घेतलं. काचेवर मी पेननं रेघ मारून दिली होती, त्या रेघेपर्यंत ते वाटीवाटीनं पाणी घालायचे. घाई नाही. शेताला पाणी देणाऱ्या माणसाच्या हाताला हे शिकवावं लागत नाही.

एक दिवस तुटकी जेवेना. दुसऱ्या दिवशीही नाही. खाऊ तोंडासमोरून खाली जायचा आणि ती नुसती पाहायची. तिसऱ्या दिवशी मी घाबरले. औषधाच्या पाण्याची बादली तयार केली आणि जाळी घेऊन टाकीपाशी गेले.

"जाळी ठेव," आबा म्हणाले.

"आबा, आजारी आहे ती."

"आजारी नही. तिच्या तोंडात काही हाये. हनोटी पाह्य."

हनुवटी फुगलेली होती. मी पाहत असतानाच माशानं क्षणभर तोंड उघडलं आणि आत नारिंगी मण्यांचा गुच्छ दिसला. त्यानं तो जिभेनं फिरवल्यासारखा हलवला आणि तोंड मिटलं. मी जाळी घेऊन तशीच उभी राहिले. हे मासे अंडी तोंडात उबवतात, हे मी वाचलं होतं. वाचलेलं समोर घडत होतं आणि मी औषध द्यायला निघाले होते.

नानांना व्हिडिओ पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "ताई, हात नका लावू. त्याना तोंडमा अंडा शेतस. आते महिनाभर तो काहीच खावाव नही."

फोन ठेवला आणि मग माझ्या ध्यानात आलं. "आबा," मी म्हटलं, "ती नाही. तो आहे."

"कोन?"

"तुटकी. ती मादी नाही, नर आहे. यांच्यात अंडी बाप सांभाळतो. मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात घेतो. पिल्लं बाहेर पडेपर्यंत जेवत नाही."

"बाप?"

"हो."

"आन् माय?"

"ती राखण करते. हा ठिपक्या म्हणजे आई आहे."

आबांनी काही वेळ दोघांकडे पाहिलं. माझ्यावर विश्वास ठेवावा की नाही, असा तो चेहरा होता. दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी एवढंच विचारलं, "महिनाभर जेवत नही म्हनती?"

"नाही."

तिसऱ्या दिवशी ते आपणहून बोलले. मी भाजी निवडत होते. "आमच्या वक्ती," ते म्हणाले, "बापासमोर सोताचं पोरगं उचलत नव्हते. लाज वाटे. माझा बाप ओट्यावर बसेल राहे. पोरगं माझ्या पायाशी ये, हात वर करे. मी उठून गोठ्यात निंघून जाऊ." टाकीकडे बघत म्हणाले, "मंग ते रडे. मले गोठ्यात आयकू ये."

ते पोरगं म्हणजे माझे यजमान. मी मान वर केली नाही. शेंगा सोलत राहिले.

नवव्या दिवशी सकाळी तुटकीची, म्हणजे आता तुटक्याची, हनुवटी सपाट होती. टाकीत अंडी कुठेच नव्हती. खाऊ टाकला तर तो झेप घेऊन खायला लागला.

"खाल्ले?" आबांनी विचारलं.

"गिळले असतील. पहिल्या खेपेला पुष्कळदा होतं असं. नवखा असतो ना."

आबा दिवसभर अस्वस्थ होते. संध्याकाळी त्यांनी सांगितलं. आदल्या दुपारी मी ऑफिसात असताना दोन तास वीज गेली होती. इन्व्हर्टरवर मोटार चालू राहिली, पण पंखे बंद पडले आणि पाणी तापायला लागलं. मी दाखवून ठेवल्याप्रमाणे त्यांनी फ्रीजरमधली बर्फाची बाटली काढून टाकीत सोडली. बाटली हातातून सुटली आणि धाडकन तुटक्याच्या अंगावर पडली. तो दगडामागे पळाला.

"माह्यामुळं झालं ते," ते म्हणाले.

मला खरंच माहीत नव्हतं. बाटलीमुळे झालं असेल, उकाड्यामुळे झालं असेल, किंवा ती अंडी मुळात फळलीच नसतील. मी तसंच सांगितलं. "कळायला मार्ग नाही आबा." खोटा धीर दिला असता तर त्यांना तो लगेच ओळखू आला असता.

त्यानंतर त्यांनी बर्फाच्या बाटलीच्या गळ्याला सुतळी बांधली आणि ती विहिरीत कळशी सोडावी तशी हळूहळू, टाकीच्या उजव्या कोपऱ्यात सोडायला लागले.

मी त्यांना एकदा सांगितलं होतं की समुद्रात या माशांची पिल्लं लांब काट्यांच्या एका प्राण्याच्या काट्यांमध्ये लपून वाढतात, म्हणजे त्यांना कुणी खात नाही. साळिंदरासारखा असतो, फक्त गोल आणि समुद्राच्या तळाशी बसलेला. तो आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून लोक प्लास्टिकचा करतात. चार दिवसांनी आसोद्याहून गावचा एक जण भेटायला आला, त्याच्या हातात ठिबकच्या बारीक काळ्या नळीचं कोरं वेटोळं होतं. आबांनी फोन करून मागवलं होतं. त्यांनी नळीचे वीतभर तुकडे कापले, प्लास्टिकच्या चेंडूला तापल्या सुईनं भोकं पाडून त्यात एकेक तुकडा रोवला आणि चेंडूत गारगोट्या भरल्या, म्हणजे तो तरंगणार नाही. दोन दिवस लागले. मी तो धुऊन आठवडाभर खाऱ्या पाण्यात भिजवून ठेवला आणि मग टाकीत सोडला. मासे आधी लांब राहिले. मग ठिपक्या म्हणजे मादी त्याच्याभोवती एक फेरी मारून आली.

मे महिन्याच्या सुरुवातीला तुटक्यानं पुन्हा खाणं सोडलं. आबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक बारीक फुली मारली. ऊन चढलं, बर्फाच्या बाटल्या सुतळीवर खालीवर होत राहिल्या. मासा रोडावत गेला. पाठीचा कणा दिसायला लागला. मी रोज ऑफिसातून आल्या आल्या आधी त्याची हनुवटी पाहायची. विसाव्या दिवशी त्यानं तोंड उघडलं तेव्हा आत मण्यांऐवजी डोळे दिसले. रुपेरी कडांचे पुष्कळ बारीक डोळे.

अठ्ठाविसाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी अजून ब्रश करत होते तेव्हा आबांनी हाक मारली. मोठ्यानं नाही. "इकडे ये."

काळ्या नळ्यांच्या मध्ये नखाएवढे मासे उभे होते. पट्ट्यांसकट, ठिपक्यांसकट, लांब परांसकट. मोठ्या माशाचंच नेमकं रूप, फक्त बारीक. मी मोजले तर एकोणीस भरले, आबांनी मोजले तर सतरा. हलत असल्यामुळे कुणाचंच खरं ठरेना. मोठे मासे पिल्लं खातात म्हणून मी एका पेल्यानं त्यांना अलगद वेगळ्या पेटीत काढलं, काट्यांचा चेंडूही त्यांच्यासोबत दिला. त्यांच्यासाठी खाण्याची तयारी मी आधीच केली होती. आर्टेमिया म्हणून एक सूक्ष्म जीव असतो. त्याची वाळलेली अंडी मिठाच्या पाण्यात हवा सोडत ठेवली की दीड दिवसात फुटतात. ते जीव नारिंगी ढगासारखे सोडले आणि पिल्लं त्यांच्यावर टोचे मारायला लागली. आबांनी तुटक्यासमोर खाऊ टाकला. तो आधी नुसता पाहत राहिला, मग हळूच एक घास घेतला.

दुपारी यजमान नाशिकहून आले. बॅग खाली ठेवायच्या आधीच आबांनी त्यांना शेजारी बसवलं. अर्धा तास ते त्यांना सांगत होते: नर कोण, मादी कोण, अंडी कुणाच्या तोंडात, किती दिवस उपास. यजमानांना हे सगळं मी फोनवर आधीच सांगितलं होतं. त्यांनी तसं म्हटलं नाही. ऐकत राहिले. गोठ्याची गोष्ट आबांनी काढली नाही, मीही यजमानांना अजून सांगितलेली नाही.

पिल्लांतली नऊ जगली. बाकीची का गेली ते समजलं नाही. जूनच्या शेवटी केळी लावायची म्हणून आबा आसोद्याला परत गेले. गुडघा बरा होता.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती नऊ पिल्लं बोटभर झाली होती. ती नानांकडे द्यायची ठरली आणि मी आबांना विचारलं, येता का. ते आले. धुळ्यात नानांच्या घरी मोठ्या टाकीत नऊ मासे सोडले आणि दोघं म्हातारे समोर स्टूल टाकून बसले. नाना अहिराणीत बोलत होते, आबा त्यांच्या लेवा बोलीत. कुणाला कुणाचं कळत नाही असं होत नव्हतं.

"या दोघायचं जमंल," आबा म्हणाले, मधल्या दोन माशांकडे काठी करून.

"नही भाऊ," नाना म्हणाले. "तो वरना नि हाऊ कोपरामधला. दखा."

"तुमी त म्हने, तुमाले ओयखू येत नही."

"नर-मादी वळखू येत नही. जमाडनं वळखू येस."

वाद एसटीची वेळ होईपर्यंत चालला. निघताना नानांनी कागदावर दोघांचे अंदाज लिहून टाकीला चिकटवले. महिन्याभरानं त्यांचा फोन आला. जमलं होतं, पण दोघांनीही सांगितलेलं नाही. आबांच्या मधल्यातला एक आणि नानांच्या कोपऱ्यातला एक, असे दोघं टाकीतल्या एका कुंडीमागे जाऊन राहिले होते. मी आबांना फोन करून कळवलं. पलीकडून केळीच्या पानांचा आवाज येत होता.

"कोपऱ्यातला मी नीट पाह्यला नव्हता," ते म्हणाले. "फोटो असंल त पाठव."